सचिवांचं साल

"हात लावायच्या आधी विचारायचं," सचिव तोयनाथ अर्याल गुरकावले. "सरकारी यंत्र आहे. तुझ्या मामाच्या दुकानातलं भंगार नव्हे."

रूपसराने हात मागे घेतला. "लावू का, सर?"

"लाव. आणि आटप लवकर."

असार, म्हणजे नेपाळच्या सरकारी वर्षाचा शेवटचा महिना, काल संपला होता आणि वॉर्ड कार्यालयाचा वर्षभराचा अहवाल अजून इथेच पडून होता. तीन दिवस कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर सरकारी साइट उघडत नव्हती, बँकेची उघडत नव्हती, मेल उघडत नव्हता. राशिभविष्याचं पान तेवढं झटक्यात उघडायचं आणि सचिवांना रोज बढतीचा योग सांगायचं. आज सकाळी जिल्ह्यातून फोन आला : पाचपर्यंत अहवाल चढला नाही तर घरी बसा. बुटवल शहरातून दुरुस्तीवाला यायचा तर उद्या उजाडला असता. म्हणून झक मारत, मामाच्या दुकानात मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या रूपसराला बोलावणं गेलं होतं.

या खोलीचे उंबरे तिने अकरा महिने झिजवले होते. चोविसावं सरत आलं तरी तिच्याकडे नागरिकतेचा कागद नव्हता. त्यामुळे सिमकार्ड आईचं, दुकान मामाचं, आणि बँकेत खातं नाहीच. नागरिकता जिल्ह्याला मिळते, पण आधी वॉर्डाची शिफारस लागते आणि ती याच माणसाच्या हातात होती. अर्जात बापाचा रकाना मोकळा होता. आई, दिलकुमारी रोका, गोरखपूरला भांडी घासायला गेली आणि पोटुशी परतली. रूपसरा याच गावात जन्मली, इथल्याच शाळेत शिकली. आईच्या नावावर नागरिकता मिळते हे तिला पाठ होतं. सचिवांनाही होतं. तरी दर वेळी तेच, "बाप शोधून आण, मग बोलू." ते असे मोठ्याने म्हणायचे की बाहेरच्या बाकावरची माणसंही हसायची. त्या हसण्याची तिला चीड यायची.

तिने तार काढून परत लावली. आपला मोबाइल कार्यालयाच्याच वायफायला जोडून तीच साइट उघडून पाहिली, लगेच उघडली. म्हणजे इंटरनेट ठीक, साइट ठीक. दुखणं याच डब्यात होतं.

"नुसती बघत काय बसलीस? येत नसेल तर सांग."

तिचं लक्ष पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे गेलं. तिने डोळे बारीक करून पुन्हा वाचलं.

"सर, हे साल कुणी बदललं?"

"मी बदललं." सचिवांनी खुर्चीत अंग ताणलं. "पत्रांवर इंग्रजी साल छापून यायचं. नेपाळचं कार्यालय, तर नेपाळचं साल. दोन हजार ब्याऐंशी! तुला कशाला खटकेल म्हणा. तुझा बाप तिकडचाच ना कुठला तरी?"

रूपसराची कानशिलं तापली. ती पडद्याकडेच बघत बोलली.

"या साइट स्वतःचं ओळखपत्र दाखवतात, सर. त्यावर मुदत असते. तुमचा कॉम्प्युटर सत्तावन्न वर्षं पुढे गेलाय. त्याला सगळ्यांची मुदत संपलेली दिसते, म्हणून तो कुणाला आत घेत नाही. राशिभविष्यवाल्याकडे ओळखपत्रच नाही, त्यामुळे त्याला कुणी विचारत नाही."

"म्हणजे चूक त्यांच्या कागदात?"

"कागद चोख आहेत. चुकलंय ते तपासणाऱ्याचं."

सचिवांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. तिने साल बदलून दोन हजार पंचवीस केलं. साइट उघडली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

"ऊठ आता," म्हणत त्यांनी खुर्ची ओढून घेतली, अहवाल जोडला आणि बटण दाबलं. अहवालाऐवजी एक फॉर्म समोर आला. उशिराचं कारण. त्यांनी 'यंत्रात बिघाड' असं टाइप केलं. पुढचा रकाना होता दुरुस्त करणाऱ्या बाहेरच्या माणसाचं नाव. त्याच्या खाली नागरिकता नंबर, नसल्यास वॉर्डाच्या शिफारशीचा नंबर आणि प्रत. तो रकाना मोकळा ठेवला की पान पुढे सरकत नव्हतं.

त्यांनी तीनदा बटण दाबून पाहिलं.

"तुझ्या मामाचं नाव टाकतो," ते शेवटी म्हणाले. "नंबर सांग त्याचा."

"मामांनी या यंत्राचं तोंडही पाहिलेलं नाही, सर. उद्या चौकशी लागली तर?"

"कोण करतंय चौकशी! तू गप नंबर सांग."

"नाही सांगणार. कागद कसा चोख असावा, हे अकरा महिने तुम्हीच शिकवलंत मला."

"माज आलाय तुला!" त्यांनी टेबलावर हात आपटला. बाहेरच्या बाकावरचं बोलणं थांबलं. "मी मनात आणलं तर जन्मभर बिननागरिकतेची राहशील!"

"राहीन. चोवीस वर्षं राहिलेच आहे." तिने पिशवी खांद्याला लावली. "तुमच्याकडे अर्धा तास आहे."

ती दारापर्यंत गेली. मागून खुर्ची करकरली.

"थांब."

सचिवांनी शर्टाच्या आत हात घालून जानव्याला बांधलेली किल्ली ओढून काढली आणि कपाट उघडलं. तिची फाइल सगळ्यांत तळाशी होती. त्यांनी शिफारशीचा कोरा कागद घेतला आणि तिच्याकडे न बघता भरायला लागले. नाव. गाव. जन्मतारीख. मग पेन थांबलं.

"बापाचं नाव?"

"मोकळं सोडा."

बाकावरची माणसं दारात येऊन उभी होती. कुणी हसत नव्हतं. सचिवांनी घड्याळाकडे पाहिलं, रकाना मोकळा सोडला आणि शिक्का मारला.