पाच वाजल्यानंतर

स्मार्ट मीटर बसल्यावर शलाकाने जेवताना घरात सगळ्यांना बजावलं, "दिवसा पाचपर्यंत वीज स्वस्त असते. कपडे, इस्त्री, मोटर, सगळं तेव्हाच उरकायचं." तिचे सासरे, अण्णा, नाकातली ऑक्सिजनची नळी सावरत ऐकत होते.

पुढचं बिल खूपच उतरलं. आपली शिस्त फळाला आली, असंच तिला वाटलं.

एका संध्याकाळी ती ऑफिसातून लवकर आली, तर ऑक्सिजनचं मशीन बंद होतं. अण्णांचे ओठ निळसर पडले होते. तिने धावत जाऊन मशीन सुरू केलं.

"अण्णा, बंद का केलंत?"

"पाच वाजले की बंद करतो," धापा टाकत ते म्हणाले. "तुम्ही यायच्या आत पुन्हा लावतो. तेवढाच माझा हातभार."

"अहो, श्वास कधी वेळ बघून घेतात का!"

"रोज जमतं गं. आजच जरा जड गेलं."

दुसऱ्या दिवशी अण्णांना हॉस्पिटलात हलवावं लागलं. हृदयावर ताण आला होता. डॉक्टरांनी विचारलं, "घरी मशीन सतत चालू असायचं ना?"

तिचा नवरा शेजारीच उभा होता. शलाका मान खाली घालून "हो" म्हणाली.