बीरप्पाचा तांब्या

तांब्या नागराजच्या हातात आला. आता त्याच्यानंतर फक्त मल्लेश.

मुडबीच्या जत्रेत सात गडी गळ्यात ढोल अडकवून बीरप्पाच्या देवळापुढं रांगेत उभे होते. पहिली थाप पडण्याआधी दारूनं भरलेला तांब्या रांगेतून फिरायचा. प्रत्येकानं एक मोठा घोट घ्यायचा, उरलेली शेवटच्यानं देवापुढच्या दगडावर ओतायची. पणजोबांपासूनची रीत. जो नको म्हणेल, त्यानं देवाचा अपमान केला. त्यानं ढोल उतरवून घरी जायचं.

मल्लेशच्या छातीत ढोल कधीचाच वाजायला लागला होता. मागच्या जत्रेत ह्याच तांब्यातल्या एका घोटानं त्याचं वाटोळं केलं होतं. सोडलेली दारू पुन्हा सुरू झाली आणि रूपा लेकराला घेऊन मंठाळला माहेरी निघून गेली. मग त्याला श्रीपतराव भेटले. खटकचिंचोळीत त्यांचं बियाण्यांचं दुकान. एकेकाळी आपण गटारीत झोपायचो, हे ते स्वतःच हसत सांगायचे. दर बुधवारी मल्लेश मागच्या दारानं जायचा. श्रीपतराव चहा पाजायचे, त्याचं सगळं रडगाणं ऐकून घ्यायचे. फक्त वार मोडायचा नाही, ही त्यांची अट होती. एकदा तो गुरुवारी गेला, तर त्यांनी दारातूनच पिटाळलं. पण दारू सुटली. रूपा परत आली. ढोलाच्या गड्यांना मात्र त्यानं पत्ता लागू दिला नव्हता. कुणाला सांगू नका, अशी शपथच त्यानं श्रीपतरावांना घातली होती.

आज रूपा समोर गर्दीत उभी होती. तिची नजर तांब्यावरून हलत नव्हती.

सगळ्यांत आधी रेवणप्पांनी तांब्या तोंडाला लावला होता. ते ढोलाचे म्होरके, आणि पिण्यातही म्होरके. त्यांनी मान मागं टाकली, मिशा पुसल्या. पुढच्यांनीही तसंच केलं. नागराजनं तर तोंड वाकडं करून मोठ्यानं 'हा' केलं. मल्लेशला वाटलं, हे सगळे सुखी आहेत, आपणच एक चोर. ओठ घट्ट मिटून नुसता तांब्या टेकवायचा, असं त्यानं ठरवलं होतं. पण वास नाकात शिरला आणि मिटलेले ओठ आपोआप सुटायला लागले.

नागराजनं तांब्या पुढं केला. मल्लेशनं तो एका हातानं धरला आणि निसटता निसटता दोन्ही हातांनी सावरला. इतका जड! सहा जण पिऊन गेल्यावर तळाशी थोडीशी उरायला हवी होती. त्यानं आत डोकावून पाहिलं.

तांब्या गळ्यापर्यंत भरलेला होता.

त्यानं नागराजकडं पाहिलं. नागराज जमिनीकडं बघत होता. त्याच्या पलीकडचेही सगळे जमिनीकडंच बघत होते. एकटे रेवणप्पा सरळ त्याच्याकडं बघत होते.

"आप्पा, तुमीबी?" मल्लेशनं हळूच विचारलं.

"बघायलास काय? ओत," रेवणप्पा म्हणाले. "बीरप्पाला इतकी वर्षं थेंब-थेंबच मिळायलाय. आज पोटभर पिऊ दे."

मल्लेशनं तांब्या उपडा केला. धार संपता संपेना. आधी नागराजला हसू फुटलं, मग सगळी रांगच हसत सुटली. तिकडं रूपा पदर डोळ्यांना लावून हसत होती. आणि रेवणप्पांची थाप पडली. असे ढोल मुडबीत कुणी ऐकले नव्हते. मल्लेशचा हात एकदाही चुकला नाही. त्याला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं, आणि तो ओरडलाही.

ढोल थांबले तेव्हा सातही माना एकाच दिशेला वळल्या. नारळाच्या दुकानापाशी श्रीपतराव उभे होते. सात जण आपल्याकडं बघतायत म्हटल्यावर त्यांनी घाईघाईनं हात जोडले.

"मी कुनाला सांगितलो न्हाई, बरं का," ते म्हणाले. "पण आता सगळे मिळून एकाच वारी या."