चार काळे दोरे

"हलू देऊ नका तिले," म्हणत नईमानं डॉबरमन कुत्रीच्या पोटावर हात ठेवला.

परतवाड्यात तिचं लहान मुलांचे कपडे शिवायचं दुकान होतं. पण गिऱ्हाइकं कमी आणि गाभण कुत्र्या घेऊन येणारेच जास्त! नर किती, माद्या किती, ती नुसत्या हातानं चाचपून सांगायची. नराला काळा दोरा, मादीला लाल. तेवढे मोजून हातावर द्यायची. पिल्लं झाली की त्यांच्या गळ्यात बांधायचे. वीस वर्षांत एक दोरा चुकला नव्हता.

ओट्यावर पौर्णिमा चार महिन्यांचं पोट पदराखाली झाकून बसली होती. कुत्री तिच्या सासूची, मैनाबाईची. पण हा खटाटोप कुत्रीसाठी नव्हता, हे पौर्णिमाला पक्कं ठाऊक होतं.

"पोरगा का पोरगी, डॉक्टर तं तोंडच उघडत नाही," मैनाबाई म्हणाली. "म्हणून आदी ह्या कुत्रीचं पाहून राहिली. तुयं खरं निघालं का सुनेले घेऊन येईन. एक पोरगी हाय घरात. दुसरी असली तं पाडून टाकू. माणूस पाहून ठेवला हाय."

नईमा बराच वेळ चाचपत राहिली. मग डब्यातून चार दोरे काढून मैनाबाईच्या हातावर ठेवले. चारही काळे.

चारही नर निघाले, तर पुढची पाळी आपली, हे पौर्णिमाला कळलं. ओटा उतरताना तिचा पाय निसटला. नईमानं धावत येऊन तिच्या पोटावर हात देऊन तिला सावरलं, जरा वेळ तसंच धरून ठेवलं.

"जपून, माय."

मग ती आत गेली आणि कागदात बांधलेला एक पुडा आणून पौर्णिमाच्या हातात कोंबला. "लेकराचा कपडा हाय. बाळंत झाल्यावर खोलजो. आदी नाही."

जन्माआधी लेकराचा कपडा उघडणं अपशकुनाचं, म्हणून मैनाबाईही गप्प बसली. पौर्णिमानं पुडा पेटीच्या तळाशी ठेवून दिला.

पुढचे आठ दिवस ती उठता-बसता कुत्रीकडे बघायची. नवऱ्याला, किशोरला, तिनं विचारलं, "तुमी आईले काही बोलान का नाही?" त्यानं मोबाइलमधून मान वर केली नाही. असा माणूस!

गुरुवारी दुपारी कुत्री व्याली. पहिलं पिल्लू मैनाबाईनं उचलून पाहिलं. नर. तिनं काळा दोरा बांधला. पौर्णिमा भिंतीला टेकली.

अर्ध्या तासानं दुसरं आलं. मैनाबाईनं ते उलटं केलं, पुन्हा पाहिलं.

"अवं, हे तं मादी!"

तिसरंही मादी. चौथंही.

मैनाबाईनं उरलेले दोरे चुलीत टाकले. परतवाड्यापासून मोर्शीपर्यंत तिनं नईमाचा असा बोभाटा केला, की कुत्र्या घेऊन तिच्या ओट्यावर कुणी फिरकेना. सुनेला दाखवायची गोष्ट तिथंच मिटली. नईमाचं नाव गेलं याचं पौर्णिमाला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण ती चुकली म्हणून तिनं रोज देवाला हात जोडले.

पाच महिन्यांनी मुलगी झाली. मैनाबाई दवाखान्याच्या दारातूनच माघारी गेली. जाईना का! लेक दूध पिऊन झोपल्यावर पौर्णिमानं पुडा सोडला.

आत झालर लावलेला इवलासा फ्रॉक होता. तो झटकला, तसे घडीतून चार दोरे तिच्या मांडीवर पडले. तीन लाल, एक काळा.