न हलणारी जागा

"कालपर्यंत लागत होतं, आज काय धाड भरली याले?" लालीबाई दाराशीच भांडत होती. कडी कोंड्यात शिरायला तयार नव्हती.

देवसिंग रंधा घेऊनच आला. तो तिचा पाठचा भाऊ. हे घर त्यानंच बांधलेलं, तेव्हा घराचं दुखलंखुपलंही तोच बघायचा.

"पावसाळ्यात लाकूड फुगते, बाई," म्हणत त्यानं दाराची कड छिलली. उन्हाळ्यातही छिलली होती. तेव्हा लाकूड वाळलं होतं.

वर गच्चीवर कॅमेरा बसवलेला होता, समोरच्या नदीवरच्या नव्या पुलावर रोखलेला. पुलाच्या अंगाला काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या पाट्या चिकटवल्या होत्या आणि कॅमेरा दिवसभर त्यांच्याकडे टक लावून बघायचा. जड ट्रक गेला की पूल केसभर वाकतो आणि परत जागेवर येतो. परत आला म्हणजे पूल निरोगी, असं इंजिनिअर साधना मॅडमनी तिला समजावलं होतं. लालीबाईला ते लगेच पटलं. तिची कंबरही वाकायची. फक्त परत यायची नाही.

कॅमेऱ्यासाठी मॅडमना वेगळा खांब हवा होता. खांब कागदावरून खाली उतरेना. "तोवर एखादी पक्की जागा दाखवा. अजिबात हलणार नाही अशी," त्या म्हणाल्या, आणि जीवननं आपल्याच घराकडे बोट केलं. जीवन लालीबाईचा एकुलता एक. पुलाच्या कामावर तोच सुपरवायझर होता.

"माह्या मामानं बांधलं, मॅडम. मुरूम लागेपर्यंत खोदलं, मंग दगड भरला. काळ्या मातीचा भरोसा नाही ना!"

देवसिंग शेजारीच उभा होता. त्यानं नुसती मान हलवली. ओट्यावर तूर निवडणाऱ्या तांड्यातल्या बायांनी त्या दिवशी खडे फार मन लावून वेचले.

श्रावणात कॅमेऱ्याला पूल सरकताना दिसू लागला. एकाच अंगाला, रोज इवलासा, आणि परत येईना. जड गाड्या बंद झाल्या. आर्णीच्या बाजारात जीवन दिसला की लोक बोलणं थांबवायचे आणि तो पुढं गेला की दुप्पट बोलायचे. काँक्रीट त्याच्या देखत ओतलेलं. सोमवारी चौकशी ठरली. नोकरी तर जाईलच, वर बेड्याही पडतील, असं जो तो सांगू लागला.

लालीबाईनं आधी राग काढला तो कॅमेऱ्यावर. "माह्या घरात राह्यते अन् माह्याच पोराची चुगली करते, मेला!" त्याच्यावर बसणारी कबुतरं हाकलणं तिनं सोडून दिलं. मग तिचं मनही सरकलं. पुलासारखंच, रोज इवलंसं.

एका दुपारी जेवता जेवता तिनं विचारलंच. "जीवन, खरं सांग. सिमेंट कमी टाकलं काय?"

जीवनचा घास हातातच राहिला. "याडी, हे तू इचारून राह्यली मले?"

तो उठला. पिशवीत चार कपडे कोंबले आणि पांढरकवड्याला मित्राकडे निघून गेला. जाताना दार ओढलं, ते लागेना. तसंच सताड उघडं टाकून गेला.

रविवारी देवसिंग बायकोला घेऊन आला. कौसल्यानं भाकरी बांधून आणली होती. आल्यापासून ती दाराआडच्या कोपऱ्याकडे बघत बसली होती. जिथं एरवी कुणाची नजर जायची नाही, तिथं देवसिंगनं पोळ्याच्या आधी एक भलंमोठं कॅलेंडर टांगलं होतं.

"लेकरू हाये, बाई. चुकते माणूस," देवसिंग मऊ आवाजात म्हणाला. "कबूल करून टाकलं तर सजा कमी होते. तू सांग त्याले. तुह्याच शब्दातला हाये तो."

लालीबाईनं पदरानं डोळे पुसले आणि भावाच्या खांद्यावर डोकं टेकवलं. "तुह्याच भरोशावर उभी हावो रे मी. लाव फोन. सांगतो त्याले."

देवसिंगनं फोन काढला. कौसल्या उठली. तिनं फोनवर हात ठेवला.

"कौसल्या, बस खाली."

ती बसली नाही. कोपऱ्यात गेली आणि कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं. मागच्या भेगेत तिचा आख्खा पंजा गेला.

"बाई, पूल जागच्या जागी हाये. कलून राह्यलं ते तुमचं घर. साऱ्या तांड्याले ठाऊक हाये, मुरमापर्यंत कोणी खोदलंच नाही. अन् तुमच्या पायाचा दगड आमच्या घराखाली हाये."