रिकामी कशी द्यायची

इंग्रज माणसाला शेजारधर्म ठाऊक नसतो, हे चौऱ्याहत्तर सालच्या वैशाखात सोलापुरात कायमचं सिद्ध झालं. लीड्सला दोन वर्षं कापडाचं शास्त्र शिकून परतलेल्या यज्ञेश्वरनं ते वाचनालयाच्या भरल्या सभेत सिद्ध केलं. 'खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पुढे पुढे माझ्याकडे बघून मान हलवणंसुद्धा सोडलं' या वाक्याला तर टाळ्या थांबेनात. सिद्धान्त दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकला.

सकाळी शुक्रवार पेठेतल्या घरात शकुंतलाबाई लेकाची ट्रंक उपसत होत्या. स्वेटरांना ऊन दाखवायचं होतं. शेजारची गुरम्मा उंबऱ्याशी बसून विलायती लोकर चिमटीत धरून बघत होती. तिनं आदल्या दिवशी ज्या ताटलीतून शेंगापोळ्या दिल्या, ती ताटली आत धुऊन पालथी घातलेली होती.

"काल लई टाळ्या पडल्या म्हनं," गुरम्मा म्हणाली. "आमचे मालक सांगत हुते. त्या गोऱ्या बायका लई वंगाळ, व्हय सायेब?"

"वाईट नाहीत हो काकू. थंड." यज्ञेश्वर खिडकीशी आरसा टेकवून दाढी करत होता. "माणसाला माणूस लागत नाही त्यांच्यात."

तेवढ्यात एका स्वेटरच्या घडीतून बशी निघाली. खोलगट, गोल, पांढरी, काठाला निळी रेघ.

"ही कुणाची रे?" शकुंतलाबाईंनी विचारलं. विकत घेतलीस का, असं त्यांनी विचारलं नाही. लेकाला त्या ओळखून होत्या.

"त्या खालच्या बाईंची."

"मान हलवत नाहीत त्या?"

यज्ञेश्वरनं गालावरचा साबण पुसला. अर्धाच.

झालं होतं ते एवढंच. पहिल्याच हिवाळ्यात तो तापानं पडला. खालच्या म्हाताऱ्या बाई गुडघ्यावर हात ठेवत जिना चढून आल्या आणि ही बशी उशाशी ठेवून गेल्या. आत भाताची खीर होती, पण भट्टीत भाजलेली, वर खरपूस साय धरलेली. अंडं नाही ना, असं त्यानं तापातही दोनदा विचारून घेतलं. मग बोटानं पुसून बशी चकचकीत केली.

"मग परत का नाही दिलीस?"

"रिकामी कशी द्यायची?" यज्ञेश्वर म्हणाला. आईच्या संस्काराचं आईलाच उत्तर देताना त्याचा आवाज जरा चढला होता.

त्यानं प्रयत्न केले नव्हते असं नाही. शिरा केला, तो करपला. घरून आलेली शेंगदाण्याची चटणी घालावी असं मनात आलं, पण म्हातारीला ठसका लागून भलतंच काही झालं तर पोलिसांना काय सांगणार? चटणी त्यानंच संपवली. मग परीक्षा आली. मग इतके दिवस झाले, आता द्यायचं तर काहीतरी भारी द्यायला हवं, असं वाटू लागलं. भारी असं त्याला काही करता येत नव्हतं.

सुरुवातीला जिन्यात बाई हसायच्या. पुढे हसून त्याच्या हातांकडे बघायच्या. पुढे नुसतंच हातांकडे. शेवटी शेवटी कशाकडेच नाही. यज्ञेश्वरनं हा त्या देशाचा स्वभाव धरला आणि व्याख्यानाच्या टिपणात घातला.

गुरम्मानं बशी हातात घेतली आणि सवयीनं उलटी केली. पेठेत कुणाचंही भांडं हातात आलं की बाया आधी बूड बघतात.

"नाव हाय की," ती म्हणाली. "वाच की सायेब."

बुडाला चिकटपट्टी होती, कडेनं सुटत आलेली. यज्ञेश्वरला ती माहीत होती. किमतीची चिठ्ठी समजून त्यानं ती कधी वाचली नव्हती.

"मिसेस हॉपकिन्स," त्यानं वाचलं. "तळमजला."

"म्हंजी आपल्यातलीच की. भांड्याला नाव घालनारी." गुरम्मानं बशी जपून खाली ठेवली.

शकुंतलाबाई बराच वेळ स्वेटरची बाही सरळ करत राहिल्या.

"अरे, घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालून द्यायची," त्या म्हणाल्या. "रिकामं देऊ नये हे मी शिकवलं. ठेवून घ्यायचं कुणी शिकवलं? साखर नव्हती का तिथं?"

साखर होती. टेबलावर, चहाच्या डब्याला लागून, दोन्ही वर्षं होती. यज्ञेश्वर आरशाकडे वळला. साबण वाळून गालाला ओढ बसली होती.

"सोमवारी पोस्टात टाकतो," तो आरशात बघून म्हणाला. "सोबत पत्रही लिहितो."

शकुंतलाबाई आत गेल्या आणि गुरम्माच्या ताटलीत मूठभर साखर घालून घेऊन आल्या. रेशनची होती, जरा ओलसर. गुरम्मानं ती न बघताच पदराखाली घेतली आणि उठली.

"येते वैनी. पुढच्या येळंला पोळ्या जास्त करते. सायेबाला आवडल्या जनू."

सोमवारी बार्शीच्या वाचनालयाचं बोलावणं आलं. मान हलवण्याचं ते वाक्य गाळायचं यज्ञेश्वरनं वाटेत एसटीत पक्कं केलं होतं. पण श्रोते पेंगू लागले आणि हाताशी दुसरं काही नव्हतं. टाळ्या सोलापूरपेक्षा जास्त पडल्या.

बशी शकुंतलाबाईंनी तात्पुरती दह्याच्या पातेल्यावर झाकली होती. मापात बसली.