डॉक्टरची रजा

शाळेला सुट्टी लागली आणि आखातातल्या वादी अदाईतली सगळी बिल्डिंग गावी निघाली. “कुंड्यांना पाणी घाला हं,” म्हणत जो तो आपली किल्ली धनंजयच्या हातात ठेवून गेला, कारण त्याला एकट्यालाच त्याच्या मालकाने, अर्बाबने, रजा दिली नव्हती. रडून डोळे सुजवलेल्या लेकीला, पूर्वाला, तो रोज कार्व्हरची गोष्ट सांगू लागला. अमेरिकेत गुलामीत जन्मलेलं ते काळं, अशक्त पोर आईविना वाढलं. शेतातली कामं झेपत नसत, म्हणून ते आजारी झाडं बरी करत बसे. लोक त्याला झाडांचा डॉक्टर म्हणत, आणि पुढं तो खरंच मोठा शास्त्रज्ञ झाला.

पंधरवड्यात अर्बाब विरघळला. “यल्ला, जा गावी!”

धनंजय धावतच घरी आला. “पूर्वा, बॅग भर! उद्याचं विमान!”

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अख्ख्या बिल्डिंगच्या कुंड्या एसीत रांगेनं मांडल्या होत्या. प्रत्येकीवर पाण्याची बाटली सलाइनसारखी उलटी टांगलेली.

“बाबा, हळू बोल ना. पेशंट झोपलेत.” पूर्वा कुजबुजली. “जहूरचाचांच्या मोगऱ्याला आजच न्यू पान आलंय. तू आणि आई जाऊन या. डॉक्टरला कुठे रजा असते?”