कोमट दगड

जयेश संशोधनाच्या बोटीवर खलाशी होता. सुट्टीवर घरी येताना त्याने आईसाठी एक तांबडा दगड आणला.

"समुद्राच्या तळाशी ज्वालामुखी असतात, आये. तिथे गरम पाण्याचे झरे फुटतात. त्यातलं लोखंड साचून हा बनलाय."

शेवंतीने दगड हातात घेतला. कोमट लागला. पिशवीत तापला असेल, म्हणून तिने तो निवायला दाराशी पाणी भरून ठेवलेल्या घमेल्यात टाकला.

ते घमेलं तिच्या नवऱ्याचं, दाजीचं. खाडीवरून आलेल्या माणसाने ऊन पाण्याने पाय धुऊनच उंबरा ओलांडायचा, अशी सासूची शिस्त. दाजी आधी डावा पाय बुडवायचा, जाळ्याच्या दोरात अंगठा तुटलेला, आणि सुखाने डोळे मिटायचा. एकदा होडी परत आली, दाजी आला नाही. शेवंतीने मात्र पाणी ठेवणं सोडलं नाही. गुडघे धरल्यापासून तापवायचं तेवढं राहून गेलं होतं.

तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लावून ती दाराशी आली. घमेल्यातून वाफ निघत होती. तळाशी खाडीचा काळा चिखल बसला होता.

"जयेश, पाय धुतलेस का रे?"

"मी कुठे बाहेर गेलेलो?" तो आतल्या खोलीतून म्हणाला.

उंबऱ्यापासून आत स्वयंपाकाच्या ओट्याजवळच्या पाटापर्यंत ओली, तांबूस पावलं उमटली होती. डाव्याला अंगठा नव्हता. परत फिरलेलं एकही पाऊल नव्हतं.

शेवंतीने हळूच दार लोटलं आणि आतून कडी घातली.